वजा तीन बोटं

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असशील, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. अप्पा गेले तेव्हा तू आला नाहीस, मी रागावले, आणि मग अकरा वर्षं दोघांनीही लेखणी उचलली नाही. आम्ही सगळे बरे आहोत. तू, वहिनी, मुलंही मजेत असाल असं धरून चालते.

इकडची खबरबात अशी. ह्यांचे गुडघे बोलायला लागलेत. जिन्यावरून आधी गुडघे ऐकू येतात, मग हे दिसतात. लेक इस्पितळात परिचारिका आहे, घरी येते ती फक्त झोपायला. मी अजून बंदराच्या त्याच कचेरीत, त्याच खिडकीशी बसते. खिडकीची कडी तू असताना लागत नव्हती, आताही लागत नाही. कामही तेच. दिवसातून दोनदा, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला, धक्क्यावर उतरायचं, भिंतीला ठोकलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आहे ते वाचायचं, वर येऊन नोंदवहीत लिहायचं. अप्पांनी जन्मभर तेच केलं, गेली अठरा वर्षं मी करते आहे.

पण काम तेच असलं तरी दिवस ते राहिले नाहीत. तुला हे मी काय सांगायचं? सगळ्या बंदरांचे आकडे तुमच्या देशातल्या ज्या कचेरीत जायचे तिथेच तू होतास. आम्ही महिन्याला आकडे पाठवायचो आणि तुमच्याकडून पुढच्या वर्षाची भरती-ओहोटीची कोष्टकं यायची. चार वर्षांपूर्वी एका सकाळी चार ओळींचा निरोप आला. समुद्राच्या पातळीचा विषय आमच्या सरकारने बंद केला आहे, यापुढे आकडे पाठवू नयेत. आमच्या साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मला विचारलं, “समुद्राला कळवलंय का यांनी?”

आम्ही हसलो खरे, पण धाबं दणाणलं होतं. कोष्टकं नाहीत तर जहाज आत घ्यायचं कशाच्या भरवशावर? पहिला महिना चाचपडत काढला. मग दूरच्या एका बंदरातल्या बाईने फोन करून विचारलं, “तुमच्याकडे आज किती?” मी आकडा सांगितला, तिने तिचा सांगितला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे झालो. आता त्रेचाळीस देश आहेत. आमच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की सगळे एकाच वेळी ओळीवर येतात आणि एकेक जण आपल्या बंदराचं नाव आणि आकडा सांगतो. बाकी एक अक्षर नाही. कोणी झोपेतून उठून सांगतो, कोणाच्या मागे वारा घोंघावत असतो. एक म्हातारा रोज आधी खोकतो आणि मग सांगतो. पहिल्यांदा सगळे त्रेचाळीस आकडे ऐकले तेव्हा मी फोन खाली ठेवायचीच विसरले. एवढी माणसं आपापल्या भिंतीशी उभी राहून एकाच पाण्याकडे बघतायत, हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्या आकड्यांवरून आम्ही कोष्टकं करतो आणि ती बरोबर निघतात. तुमच्या देशाच्या जहाजांचे कप्तानसुद्धा ती गुपचूप मागून नेतात. आम्ही देतो. पाण्यात अडकलेल्याशी काय भांडायचं?

आता टेंगळाबद्दल. बंदरापासून नऊ मैलांवरचा तो खडक तुला आठवत असेल, आपण त्याला समुद्राच्या डोक्याला आलेलं टेंगूळ म्हणायचो. ओहोटीला तो उघडा पडायचा, म्हणून आपल्या देशाचा समुद्र त्याच्यापासून पुढे मोजला जायचा. गेली तीन वर्षं तो उघडा पडत नाही. मी स्वतः होडीने जाऊन त्याच्यावर उभी राहिले, अगदी खोल ओहोटीला. घोट्यापर्यंत पाणी होतं. आणि गेल्या पावसाळ्याआधी तुमची जहाजं त्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली. खडक दिसत नाही म्हणजे त्याच्याभोवतीचा समुद्र आपल्या देशाचा राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे बघ, तुमचे प्रमुख भर सभेत सांगतात की समुद्र तसूभरही वाढलेला नाही, आणि तुमची जहाजं सांगतात की टेंगूळ बुडालं. खडक झिजला म्हणतील, खचला म्हणतील, मुळात तो कधी उघडा पडतच नव्हता म्हणतील, पण पाणी वाढलं एवढं मात्र म्हणणार नाहीत. आमच्या त्रेचाळीस देशांचं म्हणणं एका ओळीचं आहे. समुद्र वाढल्यामुळे जी खूण बुडाली, तिच्यावरून आखलेली हद्द होती तिथेच राहावी. आता हे भांडण पंचांपुढे गेलं आहे. गेल्या सत्तर वर्षांत आपल्याकडे पाणी वीतभर चढलं, हे आम्हाला सिद्ध करायचं आहे, आणि त्याला आधार एकच, आपली नोंदवही.

तुमची माणसं येऊन पट्टी तपासून गेली. त्यात एक तरुण मुलगी होती, तिने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा टिपून घेतला. मी तिला कॉफी दिली. परवा त्यांचा अहवाल आला. भिंतीत जी पितळी खूण आहे, तिच्यापासून पट्टी जिथे हवी तिथून ती सहा सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे तिच्यावर वाचलेलं पाणी सहा सेंटिमीटर जास्त भरणार. वीतभरातले सहा सेंटिमीटर गेले, आणि ज्या नोंदवहीत एक खोट निघाली तिची बाकीची पानं कोण मानणार? पुढे लिहिलंय, ‘पट्टी बसवली तेव्हा अचूक होती. त्यानंतर नोंद ठेवणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे ती सरकली असावी.’ खाली तुझी सही आहे. शेवटचं अक्षर तू अजून तसंच लांब ओढतोस.

ती पट्टी तू बसवली होतीस. तुला ते काम नीट आठवतं का, एवढं विचारायला हे पत्र लिहिलं. बाकी विशेष काही नाही. सवडीने उत्तर पाठव.

तुझी बहीण


२० मे

प्रिय दादा,

आणि दादाच्या आधी हे पत्र वाचणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वकीलमंडळींनाही नमस्कार.

विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला पत्र लिहायचं नाही असा नियम आहे, हे तू मार्चमधल्या तुझ्या दोन ओळींत मला बजावलं होतंस. ‘मी ती अचूक बसवली होती. या विषयावर यापुढे लिहू नकोस.’ मी लिहिलं नाही. पण आज पंचांच्या अध्यक्षबाईंकडून मी रीतसर परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, “लिहा, पण पत्र उघडं असेल. दोन्ही बाजू वाचतील आणि मग ते तुमच्या भावाला मिळेल.” म्हणून सांभाळून लिहावं असं ठरवून बसले आहे. ते मला कितपत जमतं ते बघू. गेला अर्धा तास मी या खोलीतल्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो त्याच्याखाली कागदाची घडी सरकवण्यात घालवला.

आधी पंचांच्या दालनातला कालचा दिवस सांगते. तू तुमच्या वकिलांबरोबर वरच्या मजल्यावर होतास, तुला खालचं दिसलं नसेल.

तुमच्या अहवालानंतर आमच्या वकीलबाईंचा चेहरा पडला होता. एका बंदराची नोंदवही शंकेत आली म्हणजे सगळं बुडालं. मी ती गोष्ट दुपारच्या फोनवर सांगितली. आकड्याशिवाय तिथे बोलायचं नाही हा आमचा रिवाज, तो त्या दिवशी मीच मोडला. मग खोकणारा म्हातारा म्हणाला, “वह्या घेऊन येतो.” एवढंच बोलला आणि त्याने फोन ठेवला.

काल सकाळी ते सगळे आले. दादा, मी त्यांच्यातल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं. दारावर पहारेकरी एकेक पेटी उघडून तपासत होते आणि प्रत्येक पेटीत वह्याच निघत होत्या. काहींना कापडाची बांधणी, काहींना चामड्याची, एक तर मेणकापडात गुंडाळलेली होती. पहारेकऱ्याने एका बाईला विचारलं, “यात काय आहे?” ती म्हणाली, “पाणी.” तो आवाज ऐकला आणि मी तिच्या बंदराचं नाव मोठ्याने घेतलं. तिने वळून माझ्या बंदराचं नाव घेतलं. मग सगळ्या दालनात हेच सुरू झालं. माणसं एकमेकांना बंदराच्या नावाने हाका मारत होती, आवाज ओळखून मिठ्या मारत होती. मी लहान मुलीसारखी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

म्हातारा सगळ्यांत शेवटी आला, काठी टेकत. त्याचं बंदर आता राहिलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांनी गाव हलवलं. धक्का, कचेरी, पट्टी सगळं पाण्याखाली आहे, तरी तो रोज होडीने जाऊन जुन्या दिव्याच्या खांबावर पाणी वाचतो. त्याची वही मी हातात घेऊन पानं चाळली. जिथे उभं राहायला जमीन नाही, तिथला एकही दिवस त्या वहीत कोरा नव्हता.

आपल्याच समुद्राला लागून असलेली बंदरं अकरा. त्या अकरांच्या वह्यांमधून सत्तर वर्षांचे महिन्याचे आकडे काढले आणि दालनाच्या भिंतीवर कागद लावून त्यांच्या रेषा आखल्या, एकीखाली एक. त्याला सकाळ गेली, दुपार गेली. पंच जेवायलासुद्धा उठले नाहीत. संध्याकाळी सगळे मागे सरकले आणि आम्ही ते पाहिलं.

कसं सांगू तुला? अकरा माणसं, खरं तर अकरा घराणीच, एकमेकांना न भेटलेली, वेगळ्या भाषांत आकडे मांडणारी. आणि त्या अकरा रेषा एकदमच चढत होत्या, एकदमच उतरत होत्या. ज्या वर्षी एक फुगली त्या वर्षी सगळ्या फुगल्या. आणि डावीकडून उजवीकडे जाताना सगळ्या मिळून सावकाश वर जात होत्या, वीतभर. समुद्र मी जन्मभर पाहिला, पण तो काल पाहिला. तुमच्या बाजूची ती कॉफी प्यायलेली मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती कोणालाच उद्देशून म्हणाली नाही, पण म्हणाली, “किती मोठं आहे हे.”

आणि आता मुद्दा. एकेचाळीस वर्षांपूर्वी आपली पट्टी बदलली. तिथे आपल्या रेषेने एकदम सहा सेंटिमीटर वर उडी मारायला हवी होती. किंवा तुमच्या म्हणण्याप्रमाणे पुढे कधी पट्टी सरकली असेल, तर तिथे. भिंतीवर कुठेच उडी नव्हती. आपली रेषा बाकी दहांच्या बरोबर चालत होती. आमच्या वकीलबाईंच्या जिवात जीव आला.

पण तुमचे वकील हुशार आहेत, त्यांनी लगेच विचारलं, “पट्टी खाली आहे हे तर खरं. मग आकडे बरोबर कसे? कोणी बसून दुरुस्त केले का?” अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “सांगा.” मी दोन दिवसांची मुदत मागितली. सगळं दालन चक्रावलं. साध्या प्रश्नाला दोन दिवस कशाला लागतात? दादा, मला ते तुझ्या आधी त्यांना सांगायचं नव्हतं.

आता सांगते. पट्टी कधीच सरकली नाही. ती पहिल्या दिवसापासून सहा सेंटिमीटर खाली आहे. ती तू तशी बसवलीस.

तू एकोणीस वर्षांचा होतास. उमेदवारी संपवून तुमच्या त्या मोठ्या देशात शिकायला जायचं होतं, आणि त्यासाठी बंदराचा दाखला हवा होता की या मुलाने एकट्याने पट्टी बसवली आणि ती अचूक आहे. तू अप्पांची लाकडी मापकाठी घेऊन उतरलास. ती खालून झिजली होती म्हणून अप्पांनी आदल्याच वर्षी तिला लोखंडी टाच मारून घेतली होती, सहा सेंटिमीटर जाडीची. काठीवरचे आकडे टाचेच्या वरून सुरू व्हायचे. टाच वेगळी धरायची असते. पितळी खुणेपासून खाली मोजताना तू ती धरायला विसरलास. आम्हा लोकांकडून होण्यासारखीच चूक, दुसऱ्या कोणाला ती करतासुद्धा येणार नाही. तपासनीस आले, त्यांनी तुझ्याच काठीने मोजलं, आणि सही करून गेले.

अप्पांना चौथ्या दिवशी कळलं. ओहोटी हिशेबात बसेना. त्यांनी खाली जाऊन मोजलं, वर आले, तुझ्या हातातून मापकाठी काढून घेतली आणि कपाटात बंद केली. तू विचारलंस, “काय झालं?” ते म्हणाले, “काही नाही.” मी, तुझी तेव्हाची भिंगरी, दारात उभी होते. तुझा चेहरा मला अजून आठवतो. तुला वाटलं, अप्पांचा तुझ्यावर भरवसा नाही. त्यानंतर तीन आठवडे तू त्यांच्याशी बोलला नाहीस आणि मग गेलास. पुढे पत्रांत तू हेच लिहायचास, की अप्पांनी कधी माझं काम मानलं नाही. मी ती पत्रं त्यांना वाचून दाखवायचे, आणि ते ऐकून घ्यायचे.

पट्टी हलवायची तर वहीत कारण लिहावं लागतं, तपासनीसाला बोलवावं लागतं. मग तुझा दाखला रद्द झाला असता. म्हणून त्यांनी पट्टी तशीच ठेवली आणि वाचलेल्या आकड्यातून रोज मनातल्या मनात तीन बोटं, म्हणजे तेच सहा सेंटिमीटर, वजा केली. वहीत त्याचा एक शब्द नाही. तू शिकलास, नोकरीला लागलास, तोवर ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी मला काम दिलं तेव्हा धक्क्यावर नेऊन सांगितलं, “वाच, तीन बोटं वजा कर, मग लिही.” मी म्हटलं, “अप्पा, हे लिहून का नाही ठेवत?” ते म्हणाले, “लिहिलं तर वहीत त्याची चूक राहील. वजा केलं तर वहीत समुद्र राहील.” आणि मला बजावलं की हे तुला कळता कामा नये.

नियमाने हा गुन्हाच आहे, त्यांचा आणि माझाही. अध्यक्षबाई जे काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. पण खोटं कशाला बोलू, तुझ्या अहवालातला ‘हलगर्जीपणा’ हा शब्द वाचला तेव्हा हे सगळं तुझ्या तोंडावर फेकावं असं मला वाटलं होतं. मार्चचं पत्र त्याच रागात सुरू केलं होतं, आणि मग सांगायचा धीर झाला नाही. कालची भिंत पाहिल्यावर राग गेला. तुझी चूक त्या कागदावर कुठेही नव्हती. एका माणसाने ती इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवली, म्हणून ती तिथे नव्हती.

परवा सकाळी आधी तुला बोलावतील, मग मला. तुझ्या नोकरीचं काय होईल, तुझ्या सरकारचं काय म्हणणं पडेल, हे मला दिसतं आहे. तू काय सांगायचं ते तू ठरव, मी तुला काही सुचवत नाही. मला विचारतील तेव्हा मी जे घडलं ते सांगेन, आणि त्यात तुझं नाव येईल. ते तुला भर दालनात परक्यांसमोर कळू नये म्हणून लिहिलं.

अप्पांचा शब्द मी मोडला. त्यांची माफी मी मागेन, तुझी मागत नाही.

तुझी बहीण


३ जुलै

दादा,

तुझं कार्ड काल मिळालं. त्यावरच्या एका ओळीचं उत्तर शेवटी देते, आधी मला थोडं लिहू दे.

त्या सकाळी तू उभा राहिलास तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. केस सगळे पांढरे झालेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या वकिलांनी विचारलं, “अहवालावर ठाम आहात?” तू म्हणालास, “माप बरोबर आहे. पट्टी सहा सेंटिमीटर खाली आहे.” वकील खूश होऊन बसणार, एवढ्यात तू अध्यक्षबाईंना विचारलंस, पुराव्यात ठेवलेली मापकाठी हातात मिळेल का? मी ती कपाटातून आणून जमा केली होती. तू ती उलटी केलीस, टाच पाहिलीस, तिच्याशी तीन बोटं आडवी धरलीस. मग म्हणालास, “पट्टी मी बसवली. टाच धरायची राहिली.” दुभाषा थांबला, त्याला ते कळलं नाही. तू परत म्हणालास, “चूक माझी आहे. नोंद ठेवणाऱ्यांची नाही. अहवालातलं ते वाक्य मी मागे घेतो.”

एका माणसाने एकोणिसाव्या वर्षी विसरलेली गोष्ट साठाव्या वर्षी उभं राहून सांगितली आणि सगळ्या जगाचं काम थांबलं. मागे खोकणारा म्हातारा बसला होता, तो उठून उभा राहिला. मग त्याच्या रांगेतले उभे राहिले, मग सगळेच. मी मात्र बसूनच राहिले, तुझ्याकडे बघत.

पुढचं तुला वर्तमानपत्रातून कळलं असेल, पण ते आतून कसं होतं ते सांगते. दुसऱ्या दिवशी तुमच्या देशाची माणसं आलीच नाहीत. आठ खुर्च्या रिकाम्या. एवढ्या मोठ्या देशाने उठून जावं आणि सगळं बंद पडावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. मलाही तीच भीती होती. अध्यक्षबाईंनी त्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “पुढे चला.” आणि काम पुढे चाललं. नियम मोडल्याबद्दल मला त्यांनी सगळ्यांदेखत ताकीद दिली, ती मी मान खाली घालून घेतली. संध्याकाळी निकाल आला. पाणी वाढलं, आणि टेंगूळ बुडालं तरी हद्द तिथेच. त्रेचाळीस देशांनी सह्या केल्या, आणि मग तुमच्या देशाच्या बाजूचे म्हणून ओळखले जाणारे पाच देशही उठून सही करून आले. त्यांच्यातला एक जण परत जाताना त्या रिकाम्या खुर्च्यांसमोरून न जाता लांबून वळसा घालून गेला.

तुमच्या सरकारने निकाल मानला नाही, ते ठाऊक आहे. पण अठ्ठेचाळीस देशांच्या बंदरांनी तुमच्या त्या जहाजांना आत घ्यायचं नाकारलं. डिझेल नाही, पाणी नाही, नांगर टाकायला जागा नाही. सतराव्या दिवशी ती निघून गेली. मी धक्क्यावरून दुर्बिणीने पाहत होते. एक गोळी सुटली नाही. ज्यांच्याकडे मोठ्या देशाने पाहायचंच सोडून दिलं होतं, ती एवढीशी माणसं त्याच्याशिवाय जगायला शिकली होती. मला अजून ते खरं वाटत नाही.

तुला त्यांनी घरी बसवल्याचं त्या कॉफीवाल्या मुलीने कळवलं. तिनेही नोकरी सोडली आहे, आमच्या दुपारच्या फोनवर असते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “माझ्याकडे सांगायला बंदर नाही, नुसतं ऐकलं तर चालेल का?” म्हातारा म्हणाला, “माझ्याकडेही नाही. बस.” तुझ्या हुद्द्याचं मला वाईट वाटतं, मनापासून वाटतं. पण तू त्या दालनात उभा होतास तेव्हा तू माझा भाऊ असल्याचा जो अभिमान मला वाटला, तो याआधी कधी वाटला नव्हता. हे तोंडावर सांगता आलं नसतं.

आता तुझी ओळ. ‘अप्पा कधी माझी आठवण काढायचे का?’

नाव घेऊन नाही. शेवटच्या आजारातसुद्धा नाही, आणि मी तुला बरं वाटावं म्हणून काही रचून सांगणार नाही. पण मी काल वह्या काढून बसले आणि मोजलं. तू पट्टी बसवलीस त्या आठवड्यापासून त्यांनी काम सोडलं त्या दिवसापर्यंत तेवीस वर्षं होतात. रोज दोनदा, ताप असताना, आई गेली त्या दिवशीसुद्धा, ते पायऱ्या उतरले, पाण्याकडे पाहिलं, तुझी तीन बोटं बाजूला काढली आणि मगच लिहिलं. सोळा हजार सातशे नव्वद वेळा.

आणि त्यानंतर गेली अठरा वर्षं रोज दोनदा तेच करणारी,

तुझी
भिंगरी